दोरीवर टांगलेला सिनेमा

आमच्या वर्गाने त्या सत्रात जितकी माणसं मारली तितकी एखाद्या टीव्ही मालिकेनेही मारली नसतील. दहा मिनिटांची फिल्म करायची होती आणि जो तो आपल्या पटकथेत कुणाला तरी संपवून मोकळा झाला होता. एकाचे आजोबा गेले, एकीची जिवलग मैत्रीण गेली, एका गटाने तर माणूस सापडेना म्हणून कुत्रा मारला. आम्ही नवरा मारला. तो मासेमारीला होडी घेऊन जातो आणि परत येत नाही. बायको दारात बसून वाट बघते, आणि शेवटच्या दृश्यात तिचं कोरं कपाळ पडदाभर दिसतं. हे ऐकल्यावर आमच्या सरांनी मान डोलावली होती आणि माझ्या तर अंगावर काटा आला होता. शेवट आमच्या दिग्दर्शिकेने, म्हणजे माझ्या मैत्रिणीने, सुचवला होता, आणि ती स्वतः माहुलच्या कोळीवाड्यातली, त्यामुळे कुणी शंका काढण्याचा प्रश्नच नव्हता.

आम्ही तिघं होतो. दिग्दर्शन ती करणार होती. कॅमेरा मुलुंडचा एक उंच, अबोल मुलगा सांभाळणार होता. आणि बाकीचं सगळं, म्हणजे परवानग्या, जेवण, वेळापत्रक आणि भांडणं, माझ्याकडे. मी घाटकोपरची. आमचं घर मूळ मालवणकडचं आणि आमच्याकडे भांडण ही शिकवावी न लागणारी कला आहे, त्यामुळे ही वाटणी योग्यच झाली असं सगळ्यांचं मत पडलं.

पार्ल्याच्या आमच्या कॉलेजात चांगला कॅमेरा एकच होता. तो सगळ्या गटांना मिळणार नव्हता. प्रत्येकाने आपलं नियोजन सरांसमोर मांडायचं, ज्यांचं पक्कं वाटेल त्यांची फिल्म होणार, आणि उरलेल्यांनी निवडलेल्या गटांमध्ये वाटून जायचं. वाटून जायचं म्हणजे काय ते माझ्या मैत्रिणीला चांगलं ठाऊक होतं. आदल्या वर्षी तिने दुसऱ्यांच्या फिल्मवर दिवे धरले होते, क्लॅप मारला होता, चहा सांगितला होता. या वेळी तिला स्वतःची फिल्म करायची होती आणि त्यात स्वतःच्या आईला घ्यायचं होतं. आई आठवड्यातले बहुतेक दिवस घाटकोपरच्या बाजारात मासे विकायला बसायची. "मोठ्या पडद्यावर आईचा चेहरा बघायचाय मला," असं ती एकदाच म्हणाली आणि पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. ती बोलत कमीच होती. तिला काय हवंय ते ती कामातून कळवायची.

ती कामाला लागली की बघत राहावंसं वाटायचं. आम्ही पहिल्यांदा तिच्या घरी गेलो तेव्हा मी लॅपटॉप उघडून वेळापत्रक दाखवायच्या तयारीत होते. तिने स्वयंपाकघरातली भांडी जमिनीवर मांडली. तांब्या म्हणजे आई. झारा म्हणजे दार. दोन वाट्या म्हणजे शेजारणी. आणि सांडशी म्हणजे कॅमेरा. सांडशीचं तोंड जिकडे, तिकडे कॅमेरा बघतोय. मग तिने तांब्या उचलून दारापर्यंत नेला, परत आणला, सांडशी हळूच मागे सरकवली, आणि बघता बघता अख्खं दृश्य माझ्यासमोर उभं राहिलं. मुलुंडवाला गुडघ्यांवर बसून सांडशीच्या मागे डोळा लावून बघत होता. तेवढ्यात तिच्या आईने आतून येऊन दूध उतरवायला कॅमेरा उचलून नेला. आम्ही हसलो. ती हसली नाही. ती म्हणाली, "बघ, इथून आई येऊ शकते. म्हणजे इथे आपल्याला दिवा ठेवता येणार नाही."

माहुलला शूटिंग करायचं म्हणजे आवाजाची पंचाईत होती. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला तेलाच्या गोल टाक्या आणि धुरांडी, मधल्या रस्त्यावर टँकरांची रीघ. मी दोनदा कानांवर हात ठेवले आणि जाहीर केलं की वाट लागणार आहे, आवाज सगळे नंतर स्टुडिओत भरू. तिने ऐकून घेतलं. मग ती त्यांच्या गल्लीत वेगवेगळ्या ठिकाणी डोळे मिटून उभी राहिली. घराच्या मागच्या भिंतीशी, जाळी ठेवतात त्या पडवीत, नळाजवळ. एका कोपऱ्यात ती जास्त वेळ थांबली आणि तिने मला हात करून बोलावलं. तिथे टँकर ऐकू येत नव्हते. शेजारच्या घराची भिंत मध्ये येत होती, आणि खाडीचा वारा तेवढा कानावर येत होता. जन्मापासून त्या गल्लीत राहिलेली मुलगी, तिने तो कोपरा नव्याने शोधून काढला. मी वेळापत्रकातून स्टुडिओ काढून टाकला, आणि मी माझं म्हणणं खोडणं ही त्या काळातली दुर्मीळ घटना होती.

फिल्मची चित्रं मुलुंडवाल्याने काढली. प्रत्येक दृश्य कसं दिसेल त्याचं एक-एक चित्र, कागदाच्या तुकड्यांवर. कॅमेरा तो उत्तम चालवायचा, पण चित्रकला म्हणजे आनंदच होता. माणसं काडेपेटीतल्या काड्यांसारखी आणि होडी चपलेसारखी. आई कोण ते कळावं म्हणून त्याने लाल स्केचपेनने तिच्या कपाळावर ठिपका दिला होता. जिथे ठिपका, ती आई. ही चित्रं कुठे लावायची यावर मी फळ्याचा विचार करत होते, तर मैत्रिणीने पडवीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांनी ती ओळीने लटकवली. फिल्म दोरीच्या एका टोकाला सुरू व्हायची आणि दुसऱ्या टोकाला संपायची. एखादं दृश्य मागे-पुढे करायचं असलं की चिमटा काढायचा आणि सरकवायचा. येणारे-जाणारे थांबून बघायचे. शेजारच्या काकूंनी एका चित्रातल्या होडीकडे बोट दाखवून ही चप्पल कुणाची म्हणून विचारलं तेव्हा मुलुंडवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आईला आम्ही गोष्ट सांगितली होती, पण शेवट सांगितला नव्हता. लपवला होता असं नाही. ती कामातून येणार, पाणी पिणार, आणि "बोला" म्हणणार, तेव्हा मैत्रीण तिला तेवढंच सांगायची जे त्या दिवशी करून बघायचं असेल. आज दारात यायचंय. आज जाळं उचलायचंय. आई मन लावून करायची. तिला एकच अडचण यायची. नुसतं बसायला सांगितलं की तिला जमायचं नाही. "नुसती कशी बसू? हातान काय घेऊ?" असं विचारायची. शेवटी मैत्रिणीने तिच्यापुढे सुक्या जवळ्याचं ताट ठेवलं. आई जवळा निवडायला लागली आणि काय सांगू, त्या क्षणी आमची नटी आम्हाला सापडली. बोटं ताटात, नजर दाराबाहेर. कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटची चित्रं दोरीवर लागली त्या संध्याकाळी आम्ही तिघं पडवीत बसून वेळापत्रकावर वाद घालत होतो. म्हणजे मी घालत होते. आई बाजारातून आली, हातपाय धुतले, आणि पदराला हात पुसत दोरीपाशी उभी राहिली. पहिल्या चित्रापासून निवांत बघत गेली. चपलेसारख्या होडीपाशी हसली. शेवटच्या चित्रापाशी आली आणि थांबली. हे एकच चित्र मुलुंडवाल्याने मन लावून काढलं होतं. कागदभर एक कपाळ, दोन भुवया, आणि मध्ये काही नाही.

"अरे पोरा," ती त्याला म्हणाली, "हिचा कुकू लावाचा रायला."

कुणी काही बोलायच्या आत तिने दोरीखालच्या स्टुलावरचा लाल स्केचपेन उचलला, टोपण काढलं आणि त्या कपाळाच्या मध्यावर ठिपका दिला. चांगला ठसठशीत दिला, गोल फिरवून फिरवून. मग टोपण लावून पेन जागच्या जागी ठेवला आणि आम्ही काहीतरी म्हणू म्हणून वळून बघितलं.

मुलुंडवाला जमिनीकडे बघत होता. मी मैत्रिणीकडे. ती उठून उभी राहिली. तिने आईला खोटं सांगितलं असतं तर मी समजून घेतलं असतं, मी तर त्याच तयारीत होते. पण ती म्हणाली, "राहिलं नाही, आई. तसंच आहे ते. तो परत येत नाही."

आईने पुन्हा चित्राकडे बघितलं. रागावली नाही. मला वाटलं होतं ती रागावेल आणि मग मला तिच्याशी वाद घालता येईल. ती म्हणाली, "माजा मानूस रोज पान्यान जातंय. आन मी कोरा कपाल घेऊन बसू?" मग मुलीला म्हणाली, "पान्यान उबी रव बोल, रयतंय. चिखलान बस बोल, बसतंय. पन यो नाय जमाचा." आणि आत जाऊन तिने भात टाकला.

मी भडकले. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बसथांब्यापर्यंत चालताना मी बोलतच होते. अभिनय म्हणजे अभिनय. नाटकात माणसं रोज मरतात आणि रोज घरी जाऊन जेवतात. माझे काका गणपतीत दरवर्षी एकांकिकेत मरायचे, अजून ठणठणीत आहेत. सरांनी हाच शेवट बघून मान डोलावली होती, तो काढला तर उरतं काय? मैत्रीण माझ्या बाजूने चालत होती. मी म्हटलं, "मग दुसरी कुणी बघू. तुमच्या वाड्यात कुणी असेलच ना, जिचा नवरा खरंच..."

पुढचं वाक्य मी पूर्ण केलं नाही, कारण ती थांबली होती.

"आहे," ती म्हणाली. "आमच्या मागच्याच घरात आहे. तिला सांगू का, की काकू, परत एकदा करून दाखवा?"

मला खूप लाज वाटली. ती आवाज चढवून बोलली नव्हती, तिने नुसतं विचारलं होतं. मग तिने जे सांगितलं ते मी विसरणार नाही. म्हणाली, "यार, चूक माझी आहे. पटकथा लिहिताना मी पार्ल्यात बसले होते. सगळे कुणाला तरी मारत होते, म्हणून मीही मारला. माझे बाबा रोज जातात नि रोज येतात. मी लहान असल्यापासून आई रोज दाराकडे बघत जवळा निवडते. आणि हे सोडून मला काय सुचलं, तर बाबा मेले."

तिच्या वडिलांना मी एव्हाना बऱ्याचदा भेटले होते. गप्प, रापलेला माणूस. आम्ही समोर असलो की मागच्या दाराने आत जायचे. त्यांना फिल्ममध्ये फक्त पाठमोरं दाखवायचं ठरलं होतं आणि तेवढ्यालाही त्यांनी मोठ्या मुश्किलीने होकार दिला होता. फिल्ममध्ये आपण मरणार आहोत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता प्रश्न होता सरांचा. शेवट बदलून नियोजन नव्याने मांडायचं, तेही दिवस हातात थोडे असताना. मी तिला स्पष्ट सांगितलं की कॅमेरा जाईल. जुनाच शेवट सरांना दाखव, शूटिंगच्या वेळी बघू. ती नको म्हणाली. जे करणार नाही ते दाखवायचं नाही. मी तिला तत्त्ववादी म्हटलं, आणखीही बरंच काही म्हटलं. खरं तर मला भीती वाटत होती. तिला पुन्हा कुणाच्या तरी फिल्मवर दिवे धरताना बघायचं नव्हतं मला. त्या मुलीच्या डोक्यात अख्खी फिल्म तयार होती, तांब्या-सांडशीसकट, आणि ती कुणाला दिसणार नाही या विचाराने माझा जीव तुटत होता.

मग पुढचे दिवस तिने जे केलं ते नियोजन म्हणजे काय ते मला शिकवून गेलं. तिने शेवटची चित्रं दोरीवरून उतरवली नाहीत. उलट कपाळाचं चित्र तिथेच ठेवून ती मागे मागे गेली आणि प्रत्येक दृश्य त्या कपाळाच्या दिशेने पुन्हा लावत आली. फिल्म आता कपाळापासून सुरू होऊन कपाळापाशीच संपत होती. आई सकाळी कुंकू लावते, बोट थांबतं, कारण बाहेर होडी निघाल्याचा आवाज येतो. मग दिवसभराची कामं. शेजारणीशी बोलताना नजर दाराकडे. उशीर. ताटात जवळा, बोटं चालू. पुन्हा कपाळ, जवळून. त्यावर कुंकू आणि आठ्या. आपण कपाळ बघत राहायचं, आणि पुढे काय होणार या धास्तीने बघत राहायचं. मग बाहेरून खोकल्याचा आवाज येतो. आई वळून बघत नाही. आठ्या सैल होतात, एवढंच. आणि ती बसल्या जागेवरून त्याला झापायला सुरुवात करते.

"बाबांना दिसायचं नाहीये ना," मैत्रीण म्हणाली, "मग ते फक्त खोकतील."

वडील लगेच तयार झाले. एवढंच काम असेल तर आपण रोजच करतो म्हणाले.

तालमीला मी फोनवर चित्रीकरण करत होते. आई ताट घेऊन बसली. मुलुंडवाला सांडशीच्या जागी उभा. बाहेर वडील. मैत्रिणीने त्यांना सांगून ठेवलं होतं की मी हात केला की खोका. आणि तिने हात केलाच नाही. वेळ जात राहिला. आईची बोटं आधी सहज चालत होती, मग जरा भरभर, मग एका जागी घुटमळायला लागली. तिला ठाऊक होतं की नवरा भिंतीपलीकडे उभा आहे, चहा पिऊन उभा आहे. तरी तिच्या कपाळावर हळूहळू आठी उमटली. मग मैत्रिणीने हात केला, बाहेर खोकला आला, आणि आईने श्वास सोडला तो मला इतक्या लांबून ऐकू आला. पाठोपाठ नवऱ्याला तिने असं काही फैलावर घेतलं की वडील बाहेरून खरोखर म्हणाले, "अगो, मी हितंच होतो!"

आम्ही पोट धरून हसलो. मैत्रीणही हसली, आणि हसता हसता ओढणीने डोळे पुसले. मी माझं म्हणणं त्या दिवशी मागे घेतलं. तोंडाने नाही घेतलं, ते मला अजून जमत नाही. पण घरी जाऊन वेळापत्रक नव्याने बसवलं.

सरांसमोर मांडायच्या दिवशी सगळे गट पडद्यावर रंगीत तक्ते दाखवत होते. आमची पाळी आली तेव्हा तिने पिशवीतून ती दोरी काढली. एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं मुलुंडवाल्याच्या हातात दिलं. तो उंच होता, त्याचा असाही उपयोग झाला. ती चिमट्यांनी चित्रं लावत गेली आणि लावता लावता गोष्ट सांगत गेली. चपलेसारखी होडी बघूनही कुणी हसलं नाही.

सर शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "तू शेवट बदललास."

"हो, सर."

"आधी तो मरत होता. ते जोरदार होतं. आता यात घडतं काय?"

"तो घरी येतो, सर."

"बस?"

"हो. रोज येतो तसा."

मला उठून बोलायचं होतं. माझ्याकडे मुद्दे तयार होते, आवाजही तयार होता. मुलुंडवाल्याने दोरी धरलेल्या हातानेच मला थांब अशी खूण केली.

सर उठून दोरीपाशी आले. शेवटच्या चित्राजवळ वाकले. बाकीच्या चित्रांवरचे ठिपके छोटे, नीटस होते. हा मोठा होता, जरा एका बाजूला सरकलेला, आणि शाई कागदाच्या मागे फुटली होती.

"हे काय झालंय? शाई सांडली?"

"नाही, सर," ती म्हणाली. "आईने लावलंय. तिला वाटलं आम्ही विसरलो."

सरांनी तिच्याकडे बघितलं. परत ओळीच्या सुरुवातीला गेले आणि पहिल्या चित्रापासून पुन्हा एकदा चालत आले, कपाळापर्यंत. मग आपल्या टेबलाशी जाऊन म्हणाले, "कॅमेरा कधी हवाय?"

तारीख मी सांगितली.

बाहेर जिन्यात आल्यावर तिने घरी फोन लावला. आई बाजारात होती, मागे गलका ऐकू येत होता, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला आणि जवळजवळ ओरडून सांगितलं की आपली फिल्म होणार, सरांनी हो म्हटलं, कॅमेरा मिळाला. मी आणि मुलुंडवाला दोन्ही बाजूंनी फोनवर वाकलो होतो. आई खूश होईल, काहीतरी म्हणेल, म्हणून आम्ही वाट बघत होतो.

पलीकडे आईने आधी कुणाला तरी सुटे पैसे मोजून दिले.

"बरा झाला," आई म्हणाली. आणि मग आवाज खाली आणून, "आन तो येतंय ना घरा?"

"येतो, आई," माझी मैत्रीण म्हणाली. "येतो."